आइसलँड मोटरहोमने, सावकाश : कोणता ऋतू आणि किती पल्ला?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही गेली सहा वर्षे हॅम्बुर्गला राहतो. तीन वर्षांपूर्वी एक जुने मोटरहोम घेतले. ते सात मीटरच्या आतले आणि 3500 किलोच्या मर्यादेतले आहे, म्हणजे साध्या परवान्यावर चालवता येते. जर्मनी, डेन्मार्क आणि दक्षिण नॉर्वे या गाडीने पाहून झाले. पुढच्या वर्षी माझी आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येते आहे. तिचे वय 69 आहे, गुडघे थोडे दुखतात, पण चालण्याची हौस दांडगी आहे. तिला घेऊन आइसलँडला जायचे आम्ही ठरवले आहे. डेन्मार्कमधील हिर्ट्सहाल्सहून फेरो बेटांमार्गे आइसलँडच्या पूर्व टोकाला, सेय्दिसफ्योर्दुरला, जाणाऱ्या बोटीवर स्वतःची गाडी नेता येते. हाताशी पाच आठवडे आहेत.

देशाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता, ह्रिंगवेगुर, सुमारे 1,320 किलोमीटरचा आहे आणि बहुतेक जण तो सात-आठ दिवसांत उरकतात. मला तसे करायचे नाही. दिवसाला शंभर किलोमीटरपेक्षा अधिक गाडी चालवायची नाही, एका मुक्कामी किमान दोन रात्री काढायच्या, आणि एखादी जागा मनात भरली तर तिथेच आठवडा गेला तरी चालेल, असा माझा विचार आहे. मात्र ऋतू ठरत नाही. मे-जून, जुलै की सप्टेंबर? आणि पूर्ण वळसा घालावा की एकाच बाजूला राहावे? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तररंग

मी अकरा वर्षे रेक्याविकला राहतो आणि दर उन्हाळ्यात आमची लहान कॅम्पर घेऊन बाहेर पडतो, म्हणून आधी ऋतूंविषयी लिहितो.

आपल्याकडे तीन काळ आणि सहा ऋतू मोजतात. इथल्या जुन्या पंचांगात दोनच आहेत, उन्हाळा आणि हिवाळा. ‘उन्हाळ्याचा पहिला दिवस’ एप्रिलमध्ये, 18 तारखेनंतरच्या पहिल्या गुरुवारी येतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशीच्या मुलांच्या मिरवणुकीवर बर्फ पडताना मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे, यावरून एप्रिलचा अंदाज यावा. मे महिन्यात धबधबे वितळत्या बर्फाने फुगलेले असतात, शेतांवर मेंढ्या विण्याचा हंगाम असतो आणि रस्ते मोकळे असतात, पण बरीचशी कॅम्पिंगची मैदाने मेच्या मध्यानंतर किंवा थेट जूनमध्ये उघडतात. जूनमध्ये रात्र म्हणावी अशी रात्र होत नाही. 21 जूनच्या सुमारास रेक्याविकला सूर्य मध्यरात्री मावळतो आणि तीनच्या आसपास उगवतो, मधल्या वेळात बाहेर बसून पुस्तक वाचता येते. जुलै सर्वांत उबदार आणि सर्वांत गर्दीचा. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी सारा देश तंबू घेऊन बाहेर पडतो, त्या तीन दिवसांत मुक्काम हलवू नये. ऑगस्टच्या अखेरीपासून गर्दी ओसरते, रात्री पुन्हा काळोख होतो आणि उत्तरेचा प्रकाश, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, दिसू लागतो.

थंडीची लोक फार धास्ती घेतात. गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहामुळे रेक्याविकचे जानेवारीतले सरासरी तापमानही शून्याच्याच आसपास असते. मोटरहोमवाल्यांनी खरी धास्ती घ्यावी ती वाऱ्याची. इथे वारा मीटर प्रति सेकंदात मोजतात आणि वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणांच्या अलीकडे रस्त्याकडेला विजेचे फलक असतात, त्यांवर सरासरी वेग आणि झोताचा वेग वेगवेगळे दाखवतात. 15 च्या पुढे आकडा गेला की उंच गाडीने जपून राहावे. 20 म्हणजे ताशी 72 किलोमीटर, त्या वेळी मोटरहोम जागचे हलवूच नये. क्यालार्नेस, हाफ्नारफ्याल आणि एयाफ्योल पर्वतरांगेचा पायथा या तिन्ही ठिकाणी डोंगरावरून झोत असा अचानक उतरतो की गाडी शेजारच्या पट्ट्यात ढकलली जाते.

आणखी एक सवय आजपासूनच लावून घ्या. गाडी उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे करावे आणि पुढचे दार उघडताना दोन्ही हातांनी धरून उघडावे. पाठीमागून वारा असला तर दार हातातून निसटते आणि बिजागऱ्यांसकट उलटे वळते. वाऱ्याने वाकलेले दार बहुतेक विम्यांत बसत नाही.

दगडफूल

मी थोडे वेगळे मत मांडतो. आम्ही चौघांनी जुलैमध्ये भाड्याच्या मोटरहोमने आठ दिवसांत पूर्ण वळसा घातला आणि त्यात आम्हाला काहीही अपुरे वाटले नाही. रात्र नसल्यामुळे दिवस फार मोठा मिळतो. सकाळी दहा ते रात्री दहा असे बारा तास हाताशी असले, तर 160-170 किलोमीटर जाऊनही थांबायला भरपूर वेळ उरतो. भारतातून येणाऱ्याला पाच आठवड्यांची रजा कोण देणार? ज्याला जेवढे दिवस मिळतील त्याने तेवढ्यात पाहावे, पण पूर्ण पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. दक्षिणेच्या काळ्या वाळवंटातून उत्तरेच्या हिरव्या खोऱ्यांत जाताना देश कसा बदलत जातो, हे वळसा घातल्यावरच कळते.

मैलाचा दगड

दगडफूल, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण हा वळसा मुळात अवघ्या पन्नास वर्षांचा आहे. 1974 मध्ये दक्षिणेतील स्केय्दाराउरसांदुर या विस्तीर्ण वाळूपठारावर पूल बांधले गेले तेव्हा तो जोडला गेला. त्याआधी होप्न गावच्या माणसाला रेक्याविकला मोटारीने जायचे तर उत्तरेकडून अर्धा देश फिरून जावे लागे. पुढे 1996 मध्ये व्हात्नायोकुल हिमनदीखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याने वितळलेल्या पाण्याचा प्रचंड लोंढा या पठारावर आला आणि पुलांचा काही भाग वाहून गेला. त्या पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही स्काफ्ताफेलजवळ रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत. त्यांच्याशेजारी उभे राहिले की माणूस मान वर करून पाहत राहतो. आठ दिवसांच्या फेरीत अशा ठिकाणी दहा मिनिटे मिळतात. आम्ही तिथे सबंध दुपार घालवली आणि माझ्या मुलाने त्या तुळयांची मोजमापांसकट चित्रे काढली.

कायद्याच्या बाबी थोडक्यात सांगतो, कारण जुन्या प्रवासवर्णनांत यांविषयी चुकीचे वाचायला मिळते. नोव्हेंबर 2015 पासून लागू असलेल्या निसर्गसंरक्षण कायद्यानुसार मोटरहोम किंवा कॅम्परमध्ये रात्र काढायची तर ती ठरलेल्या मैदानावर, नाहीतर जमीनमालकाच्या परवानगीनेच. रस्त्याकडेच्या वाहनतळावर झोपता येत नाही. आतल्या पठारावरचे एफ अक्षराने सुरू होणारे रस्ते फक्त चारही चाके चालणाऱ्या गाड्यांसाठी आहेत, आणि त्यांवरील नद्या पार करताना झालेले नुकसान विमा भरून देत नाही. तुमच्या गाडीने तिकडे वळायचे नाही. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा 90, खडीच्या रस्त्यावर 80. दिवे दिवसाही लावलेले हवेत. आणि रस्ता सोडून शेवाळावर चाक घालणे हा गुन्हा आहे. ते शेवाळ भरून यायला कित्येक दशके लागतात.

अनवट

हिवाळ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आम्ही दोघे फेब्रुवारीत गेलो होतो. गाडी लहान, चारही चाके चालणारी, खिळ्यांचे टायर असलेली कॅम्पर होती. दिवसाचा उजेड आठ-नऊ तास मिळत होता. थंडीमुळे पाण्याची टाकी कंपनीने आधीच रिकामी केली होती, त्यामुळे पिण्याचे पाणी पाच लिटरच्या डब्यांतून भरून घ्यायचे आणि रात्री डबे पायाशी, हीटरच्या तोंडाजवळ ठेवायचे. सकाळी जाग येई तेव्हा श्वासाची वाफ खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने गोठलेली असे. मी ती जुन्या एटीएम कार्डाने खरवडत असे आणि बायको खाली टॉवेल धरत असे.

स्काफ्ताफेलचे मैदान बारा महिने उघडे असते. तिथे आम्ही एका रात्रीसाठी थांबलो आणि तीन रात्री अडकलो. दोन्ही बाजूंचा रस्ता आडवी दांडी टाकून बंद केला होता. गाडी रात्रभर बोटीसारखी हलत होती. त्या तीन दिवसांत आम्ही सव्वा किलो खिचडी संपवली आणि शेजारच्या गाडीतल्या एका वयस्कर फ्रेंच जोडप्याशी हातवाऱ्यांनी पत्ते खेळलो. तिसऱ्या रात्री वारा पडला, ढग सरले आणि हिमनदीच्या वर हिरवा प्रकाश दोन तास थरथरत राहिला. ते दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. तरीही माझे स्पष्ट मत आहे की 69 वर्षांच्या आईला घेऊन, सात मीटरच्या गाडीने, हिवाळ्यात जाऊ नये. रस्ता बंद होणे हा तिथल्या हिवाळ्याचा नित्यक्रम आहे, आणि चार दिवस पुढेमागे करण्याची मोकळीक नसेल तर माणूस धोका पत्करून निघतो.

उत्तररंग

अनवट यांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. इथले स्वयंसेवी बचाव पथक अशा कितीतरी गाड्या वादळातून बाहेर काढते. ती माणसे आपापली नोकरी सोडून धावून येतात.

उत्तरेच्या प्रकाशासाठी एक उपयुक्त माहिती. लोक सौर हालचालींचे आकडे पाहत बसतात, पण खरे पाहायचे ते हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचा ढगांचा नकाशा. त्यात पांढरा भाग म्हणजे निरभ्र आकाश आणि हिरवा म्हणजे ढग. नवख्या माणसाला हे नेमके उलटे वाटते.

सागरगोटा

मला मोटरहोमविषयीच शंका आहे. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता लहान मोटार आणि शेतघरांतील खोल्या हा पर्याय अधिक सुखाचा नाही का? मोटरहोममध्ये पायरी उंच, पलंग अरुंद, न्हाणीघर म्हणजे कपाट. माझ्या सासूबाईंना आम्ही स्कॉटलंडमध्ये असे फिरवले, तेव्हा चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या की मला एक दिवस सरळ उभे राहून अंघोळ करू दे. गाडीतल्या संडासाची पेटी रोज रिकामी करणे हेही घरातल्या एकावर पडते. सावकाश फिरण्यासाठी चाकांवरचे घरच हवे असे नाही.

कोयनाकाठ

सागरगोटाताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. माझ्या आईला दुपारी जेवल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे असते आणि चार वाजता स्वतःच्या हातचा चहा लागतो. खोल्यांवर फिरताना सकाळी अकराला खोली सोडावी लागते आणि दुपारी तीनपर्यंत आत घेत नाहीत, मग हे मधले तास ती मोटारीत बसून काढते. नॉर्वेमध्ये आम्ही हे दोन्ही करून पाहिले. मोटरहोममध्ये ती दुपारी पाय पसरून झोपली होती, खिडकीबाहेर फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली चिंचोळी खाडी, होता. उंच पायरीसाठी आम्ही लाकडी पाट करून घेतला आहे. अंघोळीचा प्रश्न मात्र खराच आहे, त्यावर कोणी सांगू शकेल का?

उत्तररंग

अंघोळीचे उत्तर आइसलँडइतके चांगले कुठेही मिळणार नाही. इथे लहानशा गावातही जमिनीतल्या उष्णतेने तापवलेल्या पाण्याचा सार्वजनिक तलाव असतो. पोहता येत नसले तरी बिघडत नाही. कडेला 38 ते 42 अंशांच्या गरम पाण्याची लहान कुंडे असतात, त्यांत गळ्यापर्यंत बसून राहायचे. गावातले म्हातारे-कोतारे सकाळी तिथे जमतात आणि मासेमारीपासून निवडणुकीपर्यंत सगळ्या गप्पा होतात. आपल्याकडच्या पारावर चालतात तशाच. माझ्या वडिलांची गुडघेदुखी तिथे बसून पुष्कळ हलकी झाली. ते तीन आठवडे राहिले आणि रोज गेले.

एक गोष्ट आईंना आधी सांगून ठेवा. तलावात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता, साबण लावून स्वच्छ अंघोळ करणे सक्तीचे आहे, कारण पाण्यात क्लोरिन कमी असते. स्त्रियांचा विभाग वेगळा असतो, पण आत बहुधा सामायिक नळ असतात. बऱ्याच ठिकाणी एखादी पडद्याची किंवा दाराची खोलीही असते, ती मागावी. माझी आई पहिल्या दिवशी फार संकोचली होती. तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही हे लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतःहून पिशवी भरून तयार झाली.

आणि चांदीचे दागिने काढून ठेवायला सांगा. पाण्यात गंधक असते. आईची जोडवी दोन दिवसांत काळी ठिक्कर पडली, मग चिंचेने घासून काढावी लागली.

चाकवत

स्वयंपाकाविषयी मी लिहितो, कारण आम्ही शाकाहारी आहोत आणि 26 दिवस गाडीतच रांधून खाल्ले.

गॅसपासून सुरुवात. बाटलीत ब्यूटेन असेल तर शून्य अंशाच्या आसपास त्याचा वायूच होत नाही आणि शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत चालतो. म्हणून प्रोपेनच्या दोन बाटल्या घरूनच भरून न्या, कारण जर्मनीतली बाटली तिथे बदलून मिळेल या भरवशावर राहू नये. दोन लिटरचा लहान कुकर नेल्यास गॅस निम्मा लागतो. कुकरची शिट्टी होताना छताची खिडकी उघडी ठेवा. ती बंद राहिली तर सगळी वाफ गादीखाली जाऊन बसते आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण दमट लागते.

भाज्यांची चिंता नको. तिथे जमिनीतल्या उष्णतेवर काचघरे चालतात. ह्वेरागेर्दी आणि फ्लूदिर या भागांतले टोमॅटो, काकड्या आणि अळिंबी वर्षभर मिळतात. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट आणि आमसुले एवढे घरचे असले की निभते. दूध उत्तम असते. स्कीर नावाचा पदार्थ तर आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. साखर, वेलची आणि दुधात खललेले केशर घालून आम्ही त्याचे श्रीखंड केले, ते पातेल्याला लागलेलेही मुलांनी ठेवले नाही. काही प्रकारांत रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले दूध फाडणारे द्रव्य, असते, तेवढे वेष्टनावर वाचून घ्यावे.

दगडफूल

चाकवत, श्रीखंडाची युक्ती आम्हाला त्या वेळी कळायला हवी होती. आम्ही आठ दिवस पावावर काढले.

रानजाई

ऋतू ठरवताना तिथले पक्षी आणि झाडेही विचारात घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी पाहायचे तर ऑगस्टच्या मध्यापूर्वी जायला हवे, त्यानंतर ते समुद्रावर निघून जातात. बोर्गारफ्योर्दुर एय्स्त्री येथे बंदरालगतच्या लहानशा टेकाडावर लाकडी पायऱ्या आणि सज्जे केले आहेत, तिथून ते हाताच्या अंतरावर दिसतात. जून-जुलैत क्रीआ, म्हणजे उत्तर ध्रुवीय सुरय, अंडी घालते आणि जवळ गेलेल्या माणसाच्या डोक्यावर झेप घेते. तेव्हा काठी किंवा छत्री डोक्याच्या वर धरून चालावे, ती सर्वांत उंच टोकावर चोच मारते. मीवात्न सरोवरापाशी उन्हाळ्यात चिलटांचे ढग असतात, तिथे चेहऱ्यावर घ्यायची जाळी हवी.

जूनमध्ये मैलोन्मैल जांभळा फुलोरा दिसतो. तो लुपिनचा. छायाचित्रांत फार सुंदर दिसतो, पण ते झाड तिथले नाही. 1945 मध्ये वनविभागाचे प्रमुख हाउकोन ब्यार्नासोन यांनी ते अलास्काहून आणले. हेतू चांगला होता. मातीची धूप थांबवावी आणि नत्र जमिनीत जावे, हा. आता ते शेवाळ आणि रानबेरीच्या जागा बळकावत पसरले आहे. सह्याद्रीत गिरिपुष्पाची लागवड अशाच सद्हेतूने झाली आणि आज त्याखाली दुसरे काही उगवत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना लुपिनकडे नुसत्या आनंदाने पाहता येणार नाही.

उत्तररंग

रानजाई, इथे या विषयावर घरोघरी दोन तट आहेत. माझ्या शेजारच्या आजी लुपिनने उजाड टेकड्या वाचवल्या असे मानतात आणि त्यांचा मुलगा दर जूनमध्ये कोयता घेऊन ते कापायला जातो. दोघेही एकाच टेबलाशी जेवतात.

रानजाई

दोघांचेही म्हणणे मला समजते. मूळ विषयाकडे येते. माझ्या मते ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर हाच काळ घ्यावा. पफिन मिळणार नाहीत, पण उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या खाली आणण्याचा सोहळा, रिएत्तिर, सप्टेंबरमध्ये असतो. गोल कुंपणाच्या मध्यभागी सगळा कळप कोंबतात आणि कडेने चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे असतात, एकेका शेतघराचा एकेक. कानावरची खूण पाहून प्रत्येक जण आपली मेंढी शिंगांना धरून आपल्या कप्प्यात ओढून नेतो. लहान मुलेही मेंढीवर मांड टाकून तिला वळवतात. आम्हाला तिथे कोणी ओळखत नव्हते, तरी एका बाईंनी आमच्या हातात कॉफीचे पेले दिले आणि फाटक धरायला उभे केले. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी उत्तरेत स्कागाफ्योर्दुरला असेच घोडे आणतात, तेही पाहण्यासारखे असते.

मैलाचा दगड

सप्टेंबर ठरत असेल तर पूर्वेकडच्या रस्त्यांविषयी तीन सूचना.

बोटीतून उतरल्या उतरल्या सेय्दिसफ्योर्दुरहून फ्यार्दारहेय्दी हा सहाशे मीटरहून उंच घाट चढावा लागतो. आपल्या वरंधा घाटासारखी वळणे आहेत, फरक इतकाच की रस्ता रुंद आणि चांगला आहे. सप्टेंबरच्या अखेरीस वर बर्फ पडू शकतो, म्हणून परतीच्या बोटीआधी किमान दोन दिवस एगिलस्तादिरला येऊन थांबा. एगिलस्तादिरहून द्यूपिवोगुरकडे जाताना नकाशा हमखास 939 क्रमांकाचा ओक्सी घाट जवळचा म्हणून दाखवील. तो खडीचा आहे आणि त्याचा चढ काही ठिकाणी 17 टक्क्यांपर्यंत आहे. तुमच्या गाडीने तो घेऊ नका, किनाऱ्याकिनाऱ्याने जा. आकुरेय्रीजवळच्या व्हादलाहेय्दी बोगद्याचा टोल नाक्यावर घेत नाहीत, तो संकेतस्थळावर भरायचा असतो, नाहीतर मागाहून जास्तीचे बिल येते.

चौथी गोष्ट रस्त्याची नाही, पण महत्त्वाची आहे. फेरो बेटे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाहीत. आईंच्या भारतीय पारपत्रावरील नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे उतरण्यासाठी पुरत नाही, त्या बेटांचा स्वतंत्र उल्लेख लागतो. बोट तोर्सहाउनला थांबते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बोट कंपनीकडून आणि व्हिसा देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्या. व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागा.

दगडफूल

सगळे वाचल्यावर माझ्या आधीच्या मताला थोडी पुरवणी जोडतो. आठ दिवसच असतील तर मी आजही वळसाच घालीन. पण पाच आठवडे आणि स्वतःची गाडी असताना, पुन्हा येण्याची शक्यताही जवळ असताना, एकच बाजू नीट पाहणे योग्य ठरेल. आमच्या प्रवासातले मला सर्वांत लख्ख आठवते ते सिग्लुफ्योर्दुर. मुलीला ताप आला म्हणून आम्ही तिथे एक दिवस अधिक थांबलो होतो. बंदरावरच्या हेरिंग माशांच्या संग्रहालयात त्या दिवशी आम्ही चार तास होतो. ताप आला नसता तर गाव आम्ही खिडकीतूनच पाहिले असते.

अनवट

एक लहान प्रश्न. सप्टेंबरच्या मध्यानंतर मैदाने बंद होऊ लागतात, त्याचे काय?

उत्तररंग

बरोबर. लहान गावांतली बरीच मैदाने सप्टेंबरच्या मध्याला बंद होतात, काही मोठ्या गावांतली उघडी राहतात. म्हणून आडवाटेची गावे आधी करावीत आणि शेवटचे दोन आठवडे मोठ्या गावांच्या आधाराने काढावेत. बंद मैदानाच्या शेजारी एखादे शेतघर असेल तर दार वाजवून विचारावे. मला आजवर एकदाच नकार मिळाला, आणि तोही त्यांच्या अंगणात चिखल होता म्हणून.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी हे सारे प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवले आणि आमचे पुढीलप्रमाणे ठरले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बोट घ्यायची. पूर्ण वळसा घालायचा नाही. पहिले सहा दिवस लागारफ्लियोत सरोवराच्या काठी हाल्लोर्म्सस्तादुरच्या रानात काढायचे. देशातले ते सर्वांत मोठे जंगल आहे असे वाचले. तिथून किनाऱ्याने द्यूपिवोगुर, होप्न आणि योकुलसाउरलोनचे हिमखंड पाहून त्याच वाटेने मागे यायचे. मग मीवात्न, हूसाविक, आकुरेय्री आणि दगडफूल यांचे सिग्लुफ्योर्दुर. वाऱ्याचा आकडा 15 च्या वर असेल त्या दिवशी गाडीची किल्ली आईकडे राहील, हा तिचाच नियम आहे. शेवटचे तीन दिवस एगिलस्तादिरला. फेरो बेटांच्या व्हिसाचे मला अजिबात ठाऊक नव्हते. आज सकाळीच दोन्हीकडे पत्र पाठवले.

पफिन राहून जातील याचे मला वाईट वाटते. तलावातल्या अंघोळीचे ऐकून आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की पंढरपूरला चंद्रभागेत शंभर बायकांत अंघोळ केली आहे, तिथे काय.

रानजाईताई, तिने तुमच्यासाठी एक प्रश्न दिला आहे. तुम्ही रानबेरीचा उल्लेख केला, ती सप्टेंबरमध्ये तोडता येते का, आणि तिचा मुरंबा होतो का?

रानजाई

काकूंना माझा नमस्कार सांगा. ऑगस्टच्या मध्यापासून कडक थंडी पडेपर्यंत बेरी मिळते. दोन प्रकार ओळखून ठेवा. क्राइकिबेर काळी, चकचकीत आणि बियांनी भरलेली असते. तिचा मुरंबा करू नये, रस काढून गाळून साखरेत आटवावा. ब्लाउबेर निळी, वरून धुरकट असते आणि तिचा मुरंबा उत्तम होतो. वाटीला पाऊण वाटी साखर, लिंबाचे चार थेंब, आणि पाणी अजिबात नको. जिथे उभे आहात तिथे तोंडात टाकण्यापुरती बेरी कुठेही तोडता येते, पण डबा भरायचा असेल आणि जमीन खासगी असेल तर मालकाला विचारावे. वेलदोडे न्यायला विसरू नका, तिथल्या लहान गावांत ते महाग मिळतात. झाकणाच्या काचेच्या बरण्या मात्र घरून नेऊ नका, तिथल्या कोणत्याही दुकानात मिळतील.

कोयनाकाठ

आईने वेलदोडे आणि एक मलमलचे फडके आत्ताच बाजूला काढून ठेवले.